दार लागत नाही, भिंतीला तडा, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय – मदत हवी आहे

मृण्मयी_के
बेडरूमचं दार गेल्या आठवड्यापासून लागत नाहीये, वरच्या कोपऱ्यात घासतं. चौकटीपासून छतापर्यंत तिरकी चीर गेलीय आणि खाली बेसमेंटच्या भिंतीलाही तडा आहे. एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, त्याने पाच मिनिटं टॉर्च मारून "पायाखाली पाइल्स (जमिनीत खोल रोवलेले खांब) घालावे लागतील" म्हणत ३२ हजार सांगितले. हा दर शुक्रवारपर्यंतच म्हणे. नवरा सही करायला निघालाय. कुणी हे काम करून घेतलंय का? खरंच गरज असते का? प्लीज लवकर सांगा. "आधी शोधा" वगैरे नको, शोधून झालंय.

विसूकाका
पावसाळ्यात दारं फुगतातच. सुताराकडून वरच्या बाजूला रंधा मारून घ्या. ३२ हजारांत तर नवीन सागवानी दार येईल!

मृण्मयी_के
काका, ३२ हजार डॉलर. आम्ही कॅनडात आहोत. बेसमेंट लिहिलंय की वर.

फुकट_सल्ला
कॅनडात कुठे? कॅनडा म्हणजे काय नवी पेठ आहे का ताई? शहर, घर कधीचं, तडा उभा का आडवा, काहीच नाही. मग लोक रंधाच सांगणार.

मृण्मयी_के
विनिपेग. फोर्ट रिचमंड. बंगलो, १९७२ चा. तडा तिरका आहे, बेसमेंटच्या खिडकीच्या कोपऱ्यातून खाली आलाय. आणखी काय हवंय?
शेजारचे आजोबा रोज संध्याकाळी घराभोवती पाइप लावून बसतात. मलाही म्हणाले, "घराला पाणी घाल." मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय.

लाल_नदी
थट्टा नाही करत, तुमच्या पूर्ण धाग्यात शहाणा माणूस तोच आहे :)
मी विनिपेगमध्येच सेंट व्हायटलला राहतो, आमच्याकडे हे दर कोरड्या उन्हाळ्यात होतं. विनिपेग अगासिझ या हिमयुगीन तलावाच्या तळावर वसलंय. खाली कित्येक मीटर चिकणमाती. पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. यंदा पाऊस नाही, त्यामुळे भिंतीलगतची माती आकसून बाहेरच्या भिंती थोड्या खाली बसल्या असणार. घराबाहेर जाऊन बघा, माती आणि काँक्रीट यांच्यामध्ये फट दिसतेय का? आणि समोर सिटीचं मोठं झाड आहे का?

मृण्मयी_के
फट आहे, पूर्ण बोट जातं. झाड आहे, एल्म. तेवढ्याच बाजूला जास्त आहे हे आता लक्षात आलं. कापून टाकावं का?

लाल_नदी
नका हो! रस्त्याकडेचं झाड सिटीचं असतं. आणि मॅनिटोबात १ एप्रिल ते ३१ जुलै तर एल्मची फांदीसुद्धा छाटायला बंदी आहे, डच एल्म या झाडं मारणाऱ्या रोगामुळे. झाड पाणी ओढतं, म्हणून त्या बाजूला पाणी जास्त द्यायचं, एवढंच.

उमरगेकर
वाचून गावची आठवण झाली. आमची काळी रानं मे महिन्यात अशी भेगाळतात की गुरांचे पाय अडकतात. गावातल्या प्रत्येक पक्क्या घराला खिडकीच्या कोपऱ्यात तिरका तडा आहेच. पावसाळ्यात मिटतो, उन्हाळ्यात उघडतो. आजोबा त्यात विडीचं बंडल ठेवायचे.

स्ट्रक्चर_पुणे
काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल हाच शास्त्रीय उपाय आहे. रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेने विकसित केलेलं तंत्र. पाइलचा खालचा भाग घंटेसारखा रुंद, जिथे ओलावा बदलत नाही तिथपर्यंत खोल नेलेला. वर प्लिंथ बीम, म्हणजे पाइल्सना जोडणारी जोत्याची तुळई. खर्च आवाक्यात.

फुकट_सल्ला
साहेब, घर ५० वर्षांपूर्वी बांधून झालंय.

स्ट्रक्चर_पुणे
मी तत्त्व सांगितलं. पुढच्या घराला उपयोगी पडेल.

कॅलगरीकर
सोडा ते विनिपेग, इकडे या. मॅनिटोबात घर घेताना दोन लाख डॉलरवरच्या किमतीला २ टक्के लँड ट्रान्सफर टॅक्स आहे. अल्बर्टात तो टॅक्सच नाही.

लाल_नदी
आणि २०२० च्या जूनमध्ये ईशान्य कॅलगरीत गारांनी घरांची सायडिंग (बाहेरच्या भिंतींवरचं आवरण) चाळणी झाली, ते? प्रेअरीत फुकट काही नाही मिळत. ताई, यांच्याकडे लक्ष देऊ नका. बेसमेंट फिनिश्ड आहे का, म्हणजे भिंती आतून झाकल्यात का?

मृण्मयी_के
तीन बाजूंनी ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे) आहे. फक्त फर्नेसच्या खोलीत काँक्रीट उघडं आहे, तडा तिथेच दिसतो. मध्ये बीमखाली लोखंडी खांब आहेत, एकाच्या वरच्या टोकाला जाड स्क्रू आहे.

बंगलो_बाबा
ते टेलिपोस्ट! स्क्रू फिरवा, घर वर उचललं जातं, दार लागतं. मी स्वतः पाना घेऊन केलंय, अर्ध्या तासाचं काम.

लाल_नदी
बाबा, उगाच घर मोडाल लोकांचं. बाहेरच्या भिंती खचल्या असतील तर मधला भाग आधीच उंच राहिलाय. मग टेलिपोस्ट *उतरवायचा*, चढवायचा नाही. ताई, हॉलच्या मध्यावर जमिनीवर गोटी ठेवून बघा.

मृण्मयी_के
मुलाची गोटी ठेवली. सरळ बाहेरच्या भिंतीकडे पळाली.

लाल_नदी
बघा. तरी स्क्रूला हात लावू नका, एका वेळी जेमतेम पाव वळसा द्यायचा आणि काही आठवडे थांबायचं, तेही मोजमाप झाल्यावर.

बंगलो_बाबा
आमच्याकडे चढवून जमलं होतं. प्रत्येक घर वेगळं. असो.

शंकासुर
पाणी घालायचं म्हणता, ते बेसमेंटमध्ये शिरलं तर? १९७२ च्या घराला सम्प पिट (पाणी गोळा करून पंपाने बाहेर काढायचा खड्डा) असेलच असं नाही, नवीन घरांना तो १९९० पासून सक्तीचा झाला. आणि पूर आला तर? १९९७ आठवतोय का कुणाला?

लाल_नदी
१९९७ ला शहराला फ्लडवेने (पुराचं पाणी शहराबाहेरून नेणाऱ्या कालव्याने) वाचवलं, १९६८ पासून आहे तो. त्याचा इथे काय संबंध? पाण्याचं मात्र बरोबर आहे. फटीत धो-धो ओतायचं नाही. छिद्रांचा सोकर होज भिंतीपासून दीडेक फुटावर ठेवून हळू झिरपू द्यायचं, संध्याकाळी. पन्हाळीचा पाइप भिंतीपासून दोनेक मीटर लांब काढा आणि जमिनीचा उतार घरापासून बाहेर ठेवा. माती पूर्ववत फुगायला वेळ लागतो, दार उद्या लागणार नाही.

केतकी_पीईंजी
मी इथेच स्ट्रक्चरलमध्ये आहे. न बघता निदान करणार नाही, पण दोन गोष्टी. तडा आडवा असेल आणि भिंत आत झुकली असेल तर प्रकरण गंभीर. तिरका, बारीक, कोरडा असेल तर घाई नाही. तड्यात नाणं घालून बघा, आणि दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा.
दुसरं: पायाखाली पाइल्स घालायला सिटीचं परमिट लागतं, त्यासाठी इंजिनिअरच्या शिक्क्याचे नकाशे लागतात. या कॉन्ट्रॅक्टरने ते शब्दाने काढले का?

मृण्मयी_के
डाइम (१० सेंटचं पातळ नाणं) जातं, क्वार्टर (२५ सेंटचं जाड) जात नाही. भिंत सरळ आहे, स्केल लावून बघितली. परमिटचं तो काहीच बोलला नाही. नवऱ्याने आता फोन करून विचारलं तर म्हणे "त्याची गरज नसते, आम्ही बघून घेऊ."

केतकी_पीईंजी
मग सही करू नका. कॉन्ट्रॅक्टर नव्हे, त्याच्याशी संबंध नसलेला स्वतंत्र इंजिनिअर बोलवा आणि लेखी अहवाल घ्या. काही शे डॉलर जातील. ड्रायवॉलमागे काय आहे हेही कुठेतरी उघडून बघावं लागेल, त्याची मनाची तयारी ठेवा. शुक्रवारची मुदत त्याची आहे, तुमच्या घराची नाही.

घरमालक_इन
फोर्ट रिचमंड म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मॅनिटोबाला चिकटून ना? ड्रायवॉल उघडताच आहात तर मोठी खिडकी काढून बेसमेंट विद्यार्थ्यांना द्या.

मृण्मयी_के
भाडेकरू नकोयत, दार लावायचंय. इंजिनिअर पुढच्या मंगळवारी येतोय. नवरा सोकर होज आणायला गेलाय. केतकी, लाल_नदी, आभार. फर्नेसच्या खोलीतला फोटो रात्री टाकते.

घरमालक_इन
भाडं किती मिळतं तिकडे साधारण? वेगळा धागा काढू का?