सहाही तगडे, तरी हार का?

तुम्ही लिहिलंय की ६ तगडे पोकेमॉन घेऊनही डबल्समध्ये, म्हणजे एका वेळी दोन विरुद्ध दोन पोकेमॉनच्या लढतीत, हरताय. माझंही तेच व्हायचं. विश्रामबागला मित्राच्या खोलीवर आम्ही शोडाउनवर, म्हणजे पोकेमॉन लढतींच्या ऑनलाइन साइटवर, खेळतो. हरलेल्या मॅचचे रिप्ले बघून वहीत टर्न लिहायला लागलो, तेव्हा कुठे कळलं. अधिकृत स्पर्धांच्या डबल्स नियमांत ६ पैकी ४च उतरवायचे असतात, म्हणून समोरची टीम बघून कोणते ४ घ्यायचे यातच निम्मी लढाई. माझी खरी चूक वेगाची. समोरच्याने टेलविंड ही वेग वाढवणारी चाल लावली की ४ टर्न त्याच्या बाजूचा वेग दुप्पट, आणि मी आपला हल्लेच करत बसायचो. आता त्यातला एखादा टर्न प्रोटेक्टवर (त्या टर्नचा हल्ला अडवणारी चाल) काढतो, एखादा पोकेमॉन बदलून. लागोपाठ दोनदा प्रोटेक्ट मात्र नको, दुसऱ्यांदा बहुतेक फसतोच. आणि हरल्यावर दरवेळी टीम मोडू नका, प्लीज. तुमची टीम इथे टाका, रात्री बघतो.