बड कानात आहे हे इअरफोनला कळतं कसं? डावा बड चुकतोय, सल्ला हवा

रानजाई

मंडळी, सल्ला हवा आहे. वायरलेस बड, दीड वर्ष वापरातले, फोन अँड्रॉइड. उजवा कानातून काढला की गाणं थांबतं, घातला की सुरू होतं. डाव्याचं बिनसलंय. काढून टेबलावर ठेवला तरी गाणं चालूच राहतं आणि फोन आला की आवाज टेबलावरच्या बडमध्येच जातो. चार्जिंगची केस बंद केली की दोन्ही व्यवस्थित बंद होतात. चार्जिंग ठीक, वॉरंटी संपलेली.

बडला हे मुळात कळतं कसं? घरी काही करता येईल का? आणि नवीन घ्यायची वेळ आलीच तर दुकानात काय तपासावं? बजेट पाच ते आठ हजार, पुण्यातच प्रत्यक्ष बघून घेईन.

सर्किट_शनिवार

आधी एक वेगळं करून ठेवा. केस बंद केल्यावर बड बंद होणं आणि कानातून काढल्यावर गाणं थांबणं, या दोन कामांचा एकमेकांशी संबंध नाही. केसचं काम चार्जिंगच्या पिना किंवा चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर करतो. ते ठीक चाललंय. तुमची तक्रार कान ओळखणाऱ्या सेन्सरची आहे.

बहुतेक बडमध्ये हा सेन्सर इन्फ्रारेडचा असतो. बडच्या आतल्या अंगाला, कानाच्या पाळीच्या वरच्या खोलगट भागाला टेकते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी काळी चकचकीत खिडकी दिसेल. तिच्यामागे एक इन्फ्रारेड एलईडी आणि शेजारी फोटोडायोड. एलईडी सतत पेटलेला नसतो, बॅटरी वाचवायला अगदी बारीक झटके मारतो. प्रकाश कातडीवर आपटून परत येतो, फोटोडायोड तो मोजतो. दोन झटक्यांच्या मधे एलईडी बंद असताना एक मोजणी होते, ती बाहेरच्या उजेडाची. ती वजा करून उरतो तो खरा परतीचा उजेड. तरी भर उन्हात बड सैल बसला असेल तर फोटोडायोड दिपतो आणि गाणं उगाच थांबतं-चालतं.

उंबरठे दोन असतात. समजा मोजणी ३०० च्या वर गेली की ‘कानात’, आणि २०० च्या खाली आली की ‘बाहेर’ (आकडे फक्त समजण्यापुरते). मधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर चघळताना-बोलताना जबडा हलला की गाणं लपलपत राहील.

बिघाडाची दिशा बघा, कारण तिच्यावरूनच कळतं. खिडकीवर काळपट मळ बसला तर उजेड जातही नाही, येतही नाही, आणि बड कानात असूनही ‘बाहेर’ म्हणतो. पांढुरका किंवा तेलकट थर बसला तर एलईडीचा उजेड त्या थरातूनच आडवा सरकून फोटोडायोडवर पडतो. समोर कान नसतानाही मोजणी वर राहते आणि बड कायम ‘कानात’. तुमची लक्षणं दुसऱ्या प्रकारची आहेत. खोबरेल तेल, सनस्क्रीन, ग्लिसरीनवालं हँड सॅनिटायझर, यातलं काही कानाजवळ लागतं का?

तळजाईकर

वरच्या माहितीत भर. खिडकी दिसतच नसेल तर बड बहुधा धारितेवर, म्हणजे कपॅसिटन्सवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) चालणारा. प्लॅस्टिकच्या आत तांब्याची पातळ पट्टी असते. शरीर जवळ आलं की तिची धारिता अगदी किंचित वाढते. इतका बारीक फरक मोजायचा म्हणजे पाया, म्हणजे जवळ काही नसतानाची मूळ मोजणी, स्थिर हवा, आणि पुण्याच्या पावसाळ्यात घाम, दमट हवा आणि पावसाचे थेंब मिळून तो पाया हलवतात. ओला बड टेबलावरही ‘कानात’ वाटू शकतो.

अनेक मॉडेलं केसमधून बाहेर येताना पाया नव्याने ठरवतात. त्या क्षणी बोट पट्टीवर दाबलेलं असेल तर पायाच चुकीचा बसतो. म्हणून बड काढताना टोकाला धरा. चुकलाच तर कोरडा पुसून केसमध्ये ठेवा, झाकण लावा, दहा सेकंद थांबा, मग पुन्हा काढा. ओला बड मात्र चार्जिंगला लावू नका, पिनांवर हिरवा गंज चढतो. तांदळाच्या डब्यात खुपसू नका, पीठ जाळीत जातं. सिलिका जेलच्या पुड्या पुरेत.

ध्वनिरेषा

नुसत्या इन्फ्रारेडची एक मर्यादा आहे. त्याला जवळ काहीतरी आहे एवढंच कळतं. कान, खिसा, मूठ, स्कार्फ, सगळं सारखंच. म्हणून जोडीला हालचाल मोजणारा ॲक्सेलरोमीटर असतो. २०१६ च्या पहिल्या एअरपॉड्समध्येच दोन ऑप्टिकल सेन्सर आणि ॲक्सेलरोमीटर होते. २०२१ च्या तिसऱ्या पिढीत ॲपलने कातडी ओळखणारा सेन्सर आणला. तो लांब तरंगलांबीचा इन्फ्रारेड वापरतो. १४५० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड पाणी भरपूर शोषतं, आणि कातडीत पाणी असतं. कापडात, लाकडात तेवढं नसतं. त्यामुळे खिसा आणि कान वेगळे ओळखता येतात.

फोनला कळवणं हा पुढचा टप्पा. अँड्रॉइडवर बड ब्लूटूथच्या एव्हीआरसीपी या मार्गाने ‘थांब’ किंवा ‘चालू’ असा निरोप पाठवतो, हेडफोनवरचं बटण दाबल्यासारखाच. एअरपॉड्सची ही सोय ॲपलच्या उपकरणांशी बांधलेली आहे. अँड्रॉइडला जोडले की कान ओळखून गाणं थांबवणं आपोआप चालत नाही. बजेटमध्ये कुणाचे जुने एअरपॉड्स मिळाले म्हणून घेणार असाल तर हे आधी ध्यानात घ्या.

सर्किट_शनिवार

रानजाई, साफ करण्याआधी दोन चाचण्या करा.

बड केसबाहेर काढा, फोनला जोडा, ॲपमध्ये कान ओळखण्याचा पर्याय चालू आहे ना ते बघा. (नाव ब्रँडगणिक बदलतं: इन-इअर डिटेक्शन, वेअर डिटेक्शन, ऑटो पॉज.) खोलीत अंधार करा आणि फोनचा पुढचा कॅमेरा खिडकीसमोर धरा. मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारी काच जाड असते, पुढच्यात बऱ्याचदा फिका जांभळा ठिपका दिसतो. दिसला म्हणजे एलईडी जिवंत. नाही दिसला म्हणून मेला असं नव्हे, आधी उजव्या बडशी ताडून बघा. १४५० नॅनोमीटरवाला तर कोणत्याच फोनच्या कॅमेऱ्याला दिसणार नाही, कॅमेऱ्यातल्या सिलिकॉन चिपची नजर साधारण ११०० नॅनोमीटरला संपते.

दुसरी चाचणी: गाणं लावा, बड देठाला धरून खिडकी मोकळ्या हवेकडे करा, समोर एक हातभर काही नको. तरी गाणं चालू? मग थर किंवा सेन्सर. थांबलं? मग सेन्सर ठीक आहे आणि तुमचं पांढरं टेबलच त्याला कान वाटतंय.

रानजाई

केल्या दोन्ही. ठिपका दोन्ही बडमध्ये दिसतो. मोकळ्या हवेत डाव्याचं गाणं चालूच राहतं. टॉर्च तिरका मारून पाहिलं तर खिडकीच्या कडेला दुधाळ पट्टा दिसतो, उजव्याला नाही. सनस्क्रीन रोज लागतं, कानांनाही.

सर्किट_शनिवार

तोच पट्टा. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड पांढरं असतं, उजेड उधळतं, आणि सोबतचं तेल ते घट्ट चिकटवतं.

सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सर्किट साफ करायला म्हणून छोट्या बाटलीत मिळतं. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन पुन्हा थर धरतं. ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, खिडकीचं प्लॅस्टिक धुरकट होईल आणि मग काहीच परत येणार नाही.

सिलिकॉनची टोपी काढून बाजूला ठेवा. बड असा धरा की आवाजाची जाळी खाली राहील, म्हणजे थेंब आत उतरणार नाही. कापसाच्या काडीवर एकच थेंब घ्या, टिश्यूवर टिपा, काडी नुसती ओलसर हवी. खिडकीवर मधून कडेकडे पुसा, दर दोन पुसण्यांनी काडी फिरवा. कडेच्या खाचेत मऊ दाताचा कोरडा ब्रश. सुई, टाचणी, कटर नको, एक ओरखडा पडला की तोच उजेड उधळत राहतो. शेवटी कोरडी काडी, मग पंधरा मिनिटं उघड्यावर. टॉर्च पुन्हा तिरका मारा. पट्टा उरला असेल तर हेच पुन्हा, जोर न वाढवता.

त्यानंतर फोनच्या ब्लूटूथ यादीतून बड काढून टाका, बड रीसेट करा, नव्याने जोडा. ॲपमध्ये अपडेट असेल तर तोही, दोन्ही बड अर्ध्याहून जास्त चार्ज असताना.

रानजाई

तिसऱ्या फेरीत पट्टा गेला. मोकळ्या हवेत गाणं आता थांबतं, दीडेक सेकंदात. खिडकी खाली करून पांढऱ्या टेबलावर ठेवला तर अजूनही चालू राहतं. उजवाही तसंच करतो.

सर्किट_शनिवार

मग बड बरा आहे. पांढरा पृष्ठभाग खिडकीला चिकटला की नुसत्या इन्फ्रारेडला तो कानच. ठेवताना खिडकी वर, किंवा सरळ केसमध्ये. आणि सनस्क्रीन लावल्यावर ते मुरेपर्यंत बड घालू नका.

नळस्टॉप_४

नवीन घ्यायचेच झाले तर. खोक्यावर ‘स्मार्ट सेन्सर’ लिहिलेलं काही सांगत नाही, तो नुसता स्पर्शाचाही असू शकतो. तपशिलाच्या यादीत बघा. सॅमसंग गॅलेक्सी बड्सच्या काही मॉडेलांच्या यादीत प्रॉक्सिमिटी, हॉल, टच असे सेन्सर वेगवेगळे दिलेले आहेत. प्रॉक्सिमिटी (जवळ काही आहे का ते ओळखणारा) किंवा इन-इअर हा शब्द हवा.

दुकानात डेमो तुमच्याच फोनला जोडा आणि ॲप टाकून पर्याय बंद करता येतो का पाहा. बंद करता येत नसेल तर घेऊ नका. सेन्सर कधीतरी रुसणारच, तेव्हा तो बाजूला सारून बड वापरता यायला हवा. मग एकेक बड काढून बघा, मुठीत धरा, खिशात टाका. मुठीत गाणं सुरू होणं या किमतीत चालवून घ्यावं लागेल. टोपीचे तिन्ही आकार लावून बघा. लहान टोपीने बड आत सरकतो, मोठीने दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतो आणि खिडकी कातडीला टेकतच नाही. कानाला नीट बसलेली टोपी हीच निम्मी दुरुस्ती आहे. वरून रंगीत सिलिकॉन कव्हर घेणार असाल तर खिडकीची जागा कापलेली आहे ना, बघा.

आणि हिंजवडीच्या मीटिंगवाल्या मंडळींसाठी खास: बड काढल्यावर गाणं थांबतं, माइक बंद होईलच असं नाही. काही मॉडेलांत कॉल फोनच्या माइकवर वळतो आणि घरातलं बोलणं पलीकडे जातं. म्यूट हातानेच करा.

तळजाईकर

दुचाकीवर स्कार्फ किंवा हेल्मेटखाली बड मुळीच नकोत, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. केस डिकीत टाका, उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर ठेवू नका, उष्णतेने बॅटरी लवकर थकते.