गप्पीची पिल्ले उन्हाळ्याच्या तोंडावर कशी जगवावीत?

वैनगंगाकाठ
नमस्कार. मी पवनी तालुक्यातील एका खेड्यात राहते. घरी साठेक लिटरच्या काचेच्या टाकीत गप्पी आणि मॉली मासे एकत्र आहेत. मागच्या खेपेची पिल्ले सकाळी दिसली आणि संध्याकाळपर्यंत मोठ्या माशांनी जवळपास सगळी फस्त केली. आता दुसऱ्या एका मादीचे पोट चौकोनी दिसू लागले असून शेपटीकडचा काळा डागही गडद झाला आहे, म्हणजे ती लवकरच पिल्ले देईल. तिला ठेवण्यासाठी दुकानात मिळणारी जाळीची प्लास्टिक पेटी घ्यावी का? पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक किती द्यावा? आमच्याकडे पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचे आहे, वीज रात्री केव्हाही जाते आणि पुढे एप्रिल-मे आहेत, हे लक्षात घेऊन कृपया सांगावे.

मामातलाव
ताई, पेटी घेऊ नका. तेवढ्याशा जागेत मादी घाबरते, सारखी धडका घेते आणि कधी कधी अपुऱ्या दिवसांची पिल्ले टाकते. शिवाय पेटीत पाणी नीट खेळत नाही. त्याऐवजी वीस-पंचवीस लिटरचा रुंद टब घ्या, मोठ्या टाकीतलेच पाणी त्यात भरा, पाणवनस्पती दाट सोडा आणि मादीला तिथे ठेवा. पिल्ले झाल्यावर तिला त्याच दिवशी परत हलवा, कारण या माशांत आईसुद्धा स्वतःची पिल्ले खाते. नराला वेगळे केले तरी ती पुढेही पिल्ले देत राहील, हे ध्यानात असू द्या. एकदा संयोग झाला की मादी नराचे बीज शरीरात कित्येक महिने साठवते आणि साधारण दर चार आठवड्यांनी नवी खेप येते.

वनस्पतीसाठी हायड्रिला उत्तम, आणि आपल्या भागातील मामा तलावांत (जुन्या मालगुजारी तलावांत) तो मुबलक असतो. मात्र तलावातून आणलेली जुडी थेट टबात टाकू नका. तिच्यात चतुराच्या अळ्या दडलेल्या असतात. अशी अळी पानाला चिकटून निश्चल बसते आणि पिल्लू जवळ आले की दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून त्याला पकडते. जुडी पांढऱ्या बादलीत झटकून धुवा, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात काही मिनिटे बुडवा, स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवा आणि काही दिवस वेगळी ठेवून मगच वापरा.

बलकाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. गप्पीचे पिल्लू जन्मतःच सहा-सात मिलिमीटरचे असते आणि मोठ्या माशांचे खाद्य चिमटीत चुरून पिठासारखे केले तर पहिल्याच दिवसापासून खाते. ते दिवसातून चार-पाच वेळा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. जमल्यास आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या अगदी लहान जीवाची) अंडी मिठाच्या पाण्यात उबवा. साधारण एका दिवसात अळ्या निघतात, आणि त्या खाल्ल्या की पिल्लाचे पारदर्शक पोट नारिंगी दिसते, त्यामुळे कोण उपाशी राहिले ते लगेच कळते.

तणसाची_गंजी
वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, परंतु खेड्यात चांगले खाद्य संपले तर लगेच मिळत नाही, तेव्हा बलक पूर्णपणे वर्ज्य मानू नये. मोहरीएवढा बलक पातळ कापडातून पाण्यात पिळावा आणि उरलेला अर्ध्या तासात नळीने ओढून घ्यावा. तो राहिला तर सडतो, अमोनिया वाढतो, आणि उन्हाळ्यात खरा घात तिथेच होतो. पाणी जितके उष्ण आणि जितके अल्कधर्मी (म्हणजे पीएच जास्त असलेले), तितका अमोनियाचा अधिक विषारी अंश त्यात वाढतो, आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. आपले जड पाणी गप्पी-मॉलींना मानवते, पण ४५ अंशांच्या दुपारी त्याच पाण्यातली घाण दुप्पट बाधते. म्हणून टब कुलरच्या खोलीत जमिनीवर ठेवा, भोवती ओले गोणपाट गुंडाळा आणि एक दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदला. बर्फाची बाटली सोडू नका. तापमान एकदम घसरले की पिल्ले दगावतात.

आरोग्यसेवक
नळाच्या पाण्याविषयी एक महत्त्वाची गोष्ट. ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर) टाकते, आणि त्यातील क्लोरीन पिल्लांना सोसत नाही. पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून वापरावे. पावडर नुकतीच टाकली असेल तर दोन दिवस ठेवावे.

पिल्ले जास्त झाली तर ती तलावात किंवा नाल्यात सोडू नयेत, ही कळकळीची विनंती. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागाच्या सांगण्यावरून गप्पी साठवणीच्या टाक्यांत सोडले जातात हे खरे, पण हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे आणि नैसर्गिक पाण्यात तो देशी लहान माशांच्या वाट्याचे अन्न खातो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पी पैदास केंद्र असल्यास तिथे विचारावे.

वैनगंगाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. टब आणि हायड्रिलाची व्यवस्था करते. वीज गेल्यावर एअर पंप बंद पडतो, त्याचे काय करावे?

मामातलाव
टब रुंद आणि पाणी उथळ ठेवले, पिल्लांची दाटी केली नाही, तर काही तास पंप नसला तरी चालते. हायड्रिला दिवसा प्राणवायू देतो, पण रात्री तो स्वतःच घेतो. म्हणून फार दाट झालेला थोडा काढून टाका. पिल्ले वर येऊन तोंड उघडताना दिसली तर तांब्याने पाणी वरून हळूहळू ओतत राहा. वीज आल्यावर स्पंज फिल्टर धुवायचा असेल तर तो टबातूनच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतल्यास अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात.