अनुभव धागा : बघून जागीच थबकलात असं काय पाहिलंत?

गिरणामाय
काल भाचा फोनवर जगभरातले फोटो दाखवत होता. बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान, दहा हजार चौरस किलोमीटरपेक्षाही मोठं. पावसाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर साचला की सगळं आभाळ खाली उतरतं आणि माणसं ढगांवरून चालताना दिसतात. तो म्हणाला, "मावशी, हे एडिट केलेलं असणार." मला मात्र चाळीसगाव आठवलं.

आम्ही स्टेशनाजवळ राहायचो आणि फोटोग्राफर केकी मूस यांचं घर तिथेच. बाहेरच्यांसाठी सांगते. जन्म १९१२ चा, मुंबईचे पारशी, पण आयुष्य काढलं चाळीसगावात आणि १९८९ ला तिथेच गेले. वर्षानुवर्षं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. रात्रीची मेल येऊन जाईपर्यंत दार उघडं ठेवून कुणाची तरी वाट बघायचे, असं गावात अजून सांगतात. लोक त्या गोष्टीतच अडकतात, मला त्यांचे फोटो जास्त मोठे वाटतात. टेबल-टॉप फोटोग्राफी हा त्यांचा हातखंडा. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा, आणि फोटोत अख्खा देखावा उभा करायचा.

ते पाहून आल्यावर मी शिलाई मशीनच्या फळीवर ज्वारीचं पीठ चाळलं, भेंडीची देठं रोवली आणि टॉर्च आडवी धरली. वरून धरली तर नुसतं पीठ. आडवी धरल्याबरोबर प्रत्येक उंचवट्याला सावली आली आणि डोंगर दिसायला लागले. पीठ सांडलं म्हणून आई ओरडेल असं वाटलं होतं, पण ती टॉर्च हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता इकडून बघ."

त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे, जरूर बघा. आणि तुमचंही लिहा. फोटो, चित्र, दगड, इमारत, काहीही चालेल. इथलं असो की परदेशातलं.

पाचोरेकर
ताई, आडव्या टॉर्चचं वाचूनच अंगावर काटा आला. आज रात्री पोरांना घेऊन करणार. पीठ बाजरीचं चालेल ना 🙂

गिरणामाय
चालेल की. फक्त बारीक चाळा.

भुसावळ_जंक्शन
आमच्याकडचं सांगतो. आजोबा लोको शेडला होते. त्यांनी लहानपणी एक कबर दाखवली, मेजर रॉबर्ट गिल यांची. अजिंठ्याला जाताना सगळे भुसावळ-जळगाव ओलांडतात, पण अजिंठ्याची चित्रं जगापुढे नेण्यासाठी ज्याने हयात घालवली तो भुसावळात झोपलाय हे फार कमी लोकांना माहीत.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी लेणी दिसली. पुढे १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला गिलला नेमलं. अंधार, वटवाघळं, उन्हाळ्यातला आपला तो उकाडा, आणि हा माणूस वर्षानुवर्षं मोठमोठे कॅनव्हास रंगवतोय. ते लंडनला गेले, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळे जळाले. बोटावर मोजण्याइतके वाचले. बातमी कळल्यावर काय झालं असेल त्याचं! तरी गडी पुन्हा कामाला लागला. कॅमेराही चालवायचा. जोडचित्रं म्हणजे दोन भिंगांचे स्टिरिओ फोटो, भिंगातून पाहिले की खोली दिसते, ते १८६४ मध्येच पुस्तकात आले होते. १८७९ मध्ये वारला.

त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले ग्रिफिथ्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. दोनदा! आणि भिंतीवरची मूळ चित्रं आपल्या डोंगरात अजून आहेत.

कबरीकडे गवत फार माजतं. कुणी साफसफाईला जाणार असेल तर मला कळवा, विळा-कोयता घेऊन येतो.

वाघूर
मी येईन. रविवार ठेवा.

जामनेरची_सून
गिल यांची जोडीदार पारू पण लिहा ना. तिची कबर अजिंठा गावात आहे, १८५६ ची. आम्ही शाळेच्या सहलीत पाहिली. मुलींनी रस्त्यातली रानफुलं तोडून ठेवली होती, सरांनी सांगितलं नव्हतं तरी.

तापीकाठचा
घोड्याचं सांगू का. सारंगखेड्याची यात्रा, दत्तजयंतीची. आबा घोडे बघायचे, मी पाय बघायचो. रेवाळ चालीतला घोडा नेला की वर बसलेल्याच्या हातातलं पाणी सांडत नाही म्हणतात. पण चौफेर सुटलेल्या घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, यावर आबा आणि एक मारवाडचे व्यापारी तासभर भांडले. नंतर मला कळलं की हेच भांडण अमेरिकेत पण होतं! १८७८ ला कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला ओळीने १२ कॅमेरे लावले, घोडा धावत गेला की दोऱ्या ओढल्या जाऊन एकेक फोटो निघायचा. निघालं काय, चारही पाय सुटतात, पण पोटाखाली गोळा झालेले असताना. तोपर्यंतचे चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले काढायचे ना, ते चुकीचं निघालं. आबांना मी त्या १२ फोटोंचा कागद छापून दिला. त्यांनी तो खिशात घालून पुढच्या यात्रेला नेला, त्या व्यापाऱ्याला दाखवायला.

शहादा_एक्सप्रेस
काय सांगस भो! मग व्यापारी भेटला का?

तापीकाठचा
भेटला. चहा पाजला आबांना.

शहादा_एक्सप्रेस
नुकरा (पांढऱ्या) घोड्याचा भाव काय चालू आहे यंदा? काकांना पाहिजे.

तापीकाठचा
व्यनि (खासगी निरोप) करतो.

सावद्याची_माती
आमच्याकडे विहीर खोदताना सुरुंग लावला की काळ्या खडकाच्या पोकळीतून चमकणारे खडे निघतात. लहानपणी आम्ही ते सागरगोट्यांच्या डब्यात ठेवायचो. मोठेपणी एका परदेशी संग्रहालयाचा फोटो पाहिला. काचेत ठेवलेला दगड, खाली पाटी : जळगाव, महाराष्ट्र, भारत. खुर्चीतून उठूनच उभा राहिलो.

झिओलाइट म्हणतात त्यांना. आपला दख्खनचा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, नंतर गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. माझ्याकडे एक स्टिल्बाइट आहे, फिकट पीच रंगाचा, मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना पसरलेला. त्याच्या बुडाशी अपोफिलाइटचं टोकदार स्फटिक चिकटलंय, इतकं नितळ की मागची रेघ वाचता येते. उन्हात धरलं की एका बाजूला मोत्यासारखी झाक मारते. अपोफिलाइट हे नेमकं झिओलाइट नव्हे, पण त्यांच्याच सोबत सापडतं. जगभरचे हौशी लोक जळगाव हे नाव या दगडांमुळे ओळखतात. आपली पोरं मात्र जळगाव म्हटलं की केळी आणि सोनं एवढंच सांगतात. शाळेच्या कपाटात एकेक तुकडा तरी ठेवायला हवा, मनापासून वाटतं.

यावलचा_मळा
बरोबर बोललात. आमच्या विहिरीचे होते ते सगळे बांधावर टाकले गेले. केळीला भाव काय मिळाला दादा तुम्हाला या आठवड्यात?

सावद्याची_माती
बोर्डापेक्षा कमीच. फोनवर बोलू.

अमळनेर_चित्रकला
मी चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना स्थिरचित्राचा फार कंटाळा, तीच सुरई आणि तीच दोन फळं. एकदा त्यांना आर्चिंबोल्दो दाखवला. इटलीचा चित्रकार, १५९०-९१ च्या सुमाराला सम्राट रुडॉल्फ दुसरा याचं व्यक्तिचित्र त्याने नुसत्या फळाभाज्यांतून रचलं. नाक पेअरचं, पापण्या वाटाण्याच्या शेंगांच्या, केसांत द्राक्षं आणि कणसं. आणि सम्राट रागावला नाही, खूश झाला! ऋतूंच्या देवाच्या रूपात काढलं होतं ना, सगळे ऋतू याच्या अंगाखांद्यावर असा अर्थ.

मग मुलांना म्हटलं, बाजाराच्या दिवशी जे दिसेल त्यातून आजीचा चेहरा करा. एका मुलीने भरताच्या हिरव्या वांग्याचा गाल केला आणि देठ तसाच ठेवला, पदरासारखा दिसत होता तो. कपाळावर लाल मिरची आडवी. सुरकुत्या कारल्याच्या. तिची आजी शाळेत आली, चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "कारलं कडू राहतं माय, पण दिसते मीच." ते चित्र मी अजून जपून ठेवलंय.

बामणोदकर
सर, वांगं म्हटलं की ते बामणोदचंच पाहिजे. आणि काड्यांवर भाजलेलं, गॅसवर नाही.

पाचोरेकर
बडगीत ठेचलेलं. सोबत कळण्याची भाकरी.

धुळे_साक्री
कांद्याची पात कुठे गेली मंडळी

बामणोदकर
पात वरून, कच्ची.

अमळनेर_चित्रकला
धागा भरताकडे गेला तरी माझी हरकत नाही, पण कारल्याच्या सुरकुत्या करून बघा कुणीतरी 🙏

सातपुड्यातली_बाई
शाळा सुटल्यावर लिहितेय, रेंज येते-जाते.

मी अक्कलकुव्याकडे शिकवते. काठीची राजवाडी होळी पाहायला आता कुठून कुठून फोटोग्राफर येतात. उंच बांबू उभा करतात, रात्रभर ढोल, पहाटे होळी पेटते. बावा होणारी माणसं त्याआधी व्रत पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. अंगभर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. फोटो सुंदर येतात यात वादच नाही. पण माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील बावा होते, त्यांचा फोटो एका कॅलेंडरवर छापून आला आणि घरच्यांना पत्ताच नव्हता. मला तो बाजारात दिसला. विकत घेऊन त्यांच्या घरी दिला, तर ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, नाव कुठे आहे?

हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी सगळ्यांना माहीत आहे. फोटो १९८४ चा, पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला, जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिक मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. शरबत गुला हे तिचं नाव. तिला पुन्हा शोधून काढलं २००२ मध्ये, आणि तोपर्यंत तिने स्वतःचा तो फोटो पाहिलेलाच नव्हता. सगळ्या जगाने पाहिलेला!

म्हणून जे कुणी काठीला येणार आहात त्यांना माझी कळकळीची विनंती, फोटो काढा, पण नाव विचारून लिहून घ्या आणि एक प्रत पाठवा. पत्ता मिळत नसेल तर गावातल्या शाळेकडे पाठवा. आम्ही घरोघरी पोचवतो. एका पुण्याच्या ताईंनी पाठवल्या होत्या, त्या प्रती आज घराघरांत कुडाला लावलेल्या आहेत.

गिरणामाय
बाई, हे वाचून गप्प बसले. माझ्याकडे तिथले जुने फोटो आहेत, एका नातेवाइकांनी काढलेले. तुम्हाला पाठवते, चेहरे ओळखू आले तर सांगा.

सातपुड्यातली_बाई
पाठवा पाठवा. म्हातारी माणसं अजून आहेत ओळखणारी, लवकर पाठवा.

चोपड्याचा_पक्या
अमेरिकेच्या डेथ व्हॅलीतले सरकणारे दगड घ्या ना कुणी. कोरड्या तळ्यात दगडामागे लांबच लांब चाकोरी आणि माणसाचा पत्ता नाही. २०१४ मध्ये उलगडा छापला, थंडीत पातळ बर्फाचे तावच्या ताव फुटतात आणि हलक्या वाऱ्याने दगडांना ढकलत नेतात. बस्स. बस आली माझी.

एरंडोल_वाडी
मग फरकांड्याचे झुलते मनोरे पण घ्या. एक हलवला की दुसरा हलायचा म्हणतात. अहमदाबादला पण तसेच आहेत, सिदी बशीरचे.

टपालवाले_आबा
मी शिरपूर भागात टपाल वाटत असे. नातीने टाइप करून दिले आहे.

फ्रान्समध्ये ओतरीव्ह नावाच्या गावी फर्दिनां शव्हाल हा पोस्टमन होता. रोज तीसेक किलोमीटर पायी. १८७९ मध्ये वाटेत एका दगडाला ठेचकाळला. दगड वेगळाच दिसला म्हणून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी आणखी. खिसे फाटू लागले तेव्हा टोपली, मग हातगाडी. रात्री कंदिलाच्या उजेडात बांधायचा. असे ३३ वर्षे, १९१२ पर्यंत, एकट्याने महाल बांधला. देवळे, मशिदी, राक्षस, झाडे, प्राणी, सगळे त्यात. हे त्याने जाऊन पाहिलेले नव्हते, मासिकांत आणि पोस्टकार्डांवर पाहिलेले. पोस्टकार्डे तोच तर वाटायचा! १९६९ मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला.

मला त्याची चाल कळते. पायी टपाल वाटताना डोके मोकळे असते, डोळे रस्त्यावर असतात. पावसाळ्यानंतर नाल्यात उघडे पडलेले खडक मला अजून वाडीवार आठवतात. कुणाच्या दारी कुठला दगड पायरी म्हणून आहे तेही. त्यातले हिरव्या पट्ट्याचे दगड कुठे आहेत ते सावद्याच्या भाऊंना सांगायला मी तयार आहे.

सावद्याची_माती
आबा, नंबर पाठवा. मीच येतो शिरपूरला.

धुळे_स्टुडिओ
आमचा स्टुडिओ होता. पडद्यावर ताजमहाल रंगवलेला, पुढे लाकडी मोटरसायकल. गिऱ्हाईकाला म्हणायचो, हलू नका. हे हलू नका किती जुनं आहे बघा. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला, काही मिनिटं काच उघडी. रस्ता वर्दळीचा, पण चालणारे, गाड्या, घोडे, सगळे पुसले गेले. फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक जण जागेवर थांबला म्हणून उमटला. फोटोत आलेला बहुधा पहिला माणूस, आणि त्याला कुणी सांगितलंही नव्हतं थांब म्हणून. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवताना आधी डोळे येतात, मग मिशा, मग बाकीचा माणूस. ते बघायला मी गिऱ्हाइकांच्या पोरांना आत घ्यायचो.

जामनेरची_सून
काका, सासऱ्यांच्या पेटीत काचेच्या निगेटिव्ह निघाल्या आहेत. पुसू का?

धुळे_स्टुडिओ
अजिबात पुसू नका ताई. काच बाजूने उडाली तरी चालेल, लेप असलेल्या बाजूला बोट लावायचं नाही. कडेने धरा. एकावर एक आडव्या रचू नका, प्रत्येक वेगळ्या कोऱ्या कागदात गुंडाळून उभ्या ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते. माळ्यावर असतील तर पावसाळ्याआधी खाली काढा. खिडकीच्या काचेसमोर धरून मोबाइलने फोटो घ्या, मग त्यातलं काळं-पांढरं उलटं करायची सोय मोबाइलमध्येच असते. दिसलं काय ते इथे टाका.