१२७ अंश खरे नाहीत, पण २७.८ सुद्धा खोटेच

भाऊ, लिनक्सवर 'सेन्सर्स' (sensors) ही तापमान दाखवणारी आज्ञा चालवली, त्या यादीत ऑक्सटिन (AUXTIN, बोर्डवरचा जादा तापमान-इनपुट) समोर १२७ अंश दिसले म्हणून तुम्ही घाबरलात आणि वर तुम्हाला पंखा बदलायचा सल्ला मिळाला. थांबा, खर्च करू नका. मदरबोर्डवर तापमान आणि पंख्यांवर नजर ठेवणाऱ्या नुव्होटॉन चिपला तापमानाचे बरेच इनपुट असतात. बोर्ड बनवणारा त्यातले काही जोडतच नाही आणि अशा मोकळ्या पिनेवरून काहीही आकडा येतो.

मला जास्त खटकला तो त्याच यादीतला एसीपीआयटीझेडचा (acpitz, म्हणजे फर्मवेअरने, बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरने, कळवलेलं तापमान) २७.८. मे महिन्यात यवतमाळकडच्या गावात, कूलर बंद, खोलीतच चाळीसच्या आसपास. नुसत्या पंख्याने थंड होणारा संगणक खोलीपेक्षा थंड राहूच शकत नाही. म्हणजे तो आकडा फर्मवेअरने ठोकून दिलेला आहे. खोलीत साधा थर्मामीटर टांगा, आपल्याकडे ही सगळ्यात खात्रीची तपासणी आहे.

प्रोसेसर इंटेलचा असेल तर यादीत कोअरटेम्प (coretemp, प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरचा आकडा) बघा. तो कमाल मर्यादेजवळ भरवशाचा असतो, खालच्या तापमानाला तितका नाही. एएमडीचा असेल तर के१०टेम्प (k10temp, एएमडीसाठी तसाच भाग) मधला टीसीटीएल (Tctl) हा पंख्याच्या नियंत्रणासाठीचा आकडा आहे. रायझन १७००एक्स, १८००एक्सवर तो खऱ्यापेक्षा २० अंश जास्त असतो, तिथे टीडाय (Tdie, प्रोसेसरचं खरं तापमान) वाचा.

खोटी ओळ लपवायला ईटीसीमधल्या सेन्सर्स.डी (/etc/sensors.d) फोल्डरात फाइल करून, चिपच्या नावाखाली 'इग्नोअर' (ignore) आणि त्या इनपुटचं नाव लिहा. लिनक्स प्रत्येक सेन्सर चिपला देतो त्या एचडब्ल्यूमॉन (hwmon) क्रमांकावर मात्र विसंबू नका, रीबूटनंतर तो बदलू शकतो.

कोअरटेम्प किंवा के१०टेम्पच खरोखर ९५ च्या वर गेला, तर आधी हीटसिंकमधली धूळ आणि कापसाची तूस काढा.