शिकागोचा सोयाबीन दर आणि कराडचा भाव

कोरेगावकर:
नमस्कार. अमेरिकेतील शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीन वधारल्याची बातमी आली की आमच्याकडील अनेकजण माल घरातच ठेवतात, पण कराडच्या बाजार समितीत भाव जागचा हलत नाही. तो परदेशी दर आपल्या क्विंटलशी कसा ताडून पाहावा?

सांगलीचा अडत्या:
शिकागोचा दर बुशेलमागे सेंटमध्ये असतो. सोयाबीनचा बुशेल २७.२ किलोंचा, म्हणजे क्विंटलला सुमारे ३.६७ बुशेल, त्यामुळे बुशेल दहा डॉलर असेल, तर क्विंटल साधारण ३६.७ डॉलर. परंतु हा दर मुख्यतः जनुकीय बदल केलेल्या वाणांचा आहे आणि आपण बी नव्हे, प्रामुख्याने पेंड निर्यात करतो. शंभर किलो बियांतून सुमारे १८ किलो तेल आणि ८० किलोंच्या आसपास पेंड निघते, म्हणून पेंडीचा दर अर्जेंटिनाच्या स्वस्त मालामुळे पडला की गिरणीवाला बियांचा भाव वाढवून देत नाही. त्यातच इथेनॉल कारखान्यांतील मक्याचा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीऐवजी स्वस्तात मिळू लागला आहे.

वाईचे काका:
तेलाची बाजूही पाहा. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के झाले आणि मे २०२५ अखेर १० टक्क्यांवर आले. शुल्क घटले की बाहेरचे तेल स्वस्त पडते, म्हणून शिकागोपेक्षा या निर्णयाचा चटका आपल्याला लवकर बसतो.

कोरेगावकर:
आभारी आहे. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आहे, पण हमीभावाच्या सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. म्हणजे आधी वाळवण, मग शिकागो!