मदत हवी आहे: मंद्र कोमल धैवत टाइप होत नाही

ग्वाल्हेरकर मंडळी, अकरावीच्या संगीत विषयासाठी बंदिशी भातखंडे स्वरलेखन पद्धतीत संगणकावर उतरवायच्या आहेत. कोमल स्वराची आडवी रेघ वैदिक अनुदात्ताच्या चिन्हाने येते, तीव्र मध्यमाची उभी रेघ स्वरिताच्या, मंद्राचं (खालच्या सप्तकाचं) टिंब नुक्त्याने (अक्षराखालच्या टिंबाने), तारसप्तकाचं (वरच्या सप्तकाचं) अनुस्वाराने. ‘नि’ला मात्र नुक्ता वेलांटीच्या आधी द्यायचा, नाहीतर तुटक वर्तुळ उमटतं.

अडतं ते दरबारी कानडा रागात! मंद्रातल्या कोमल धैवताला (‘ध’ला) टिंब आणि रेघ दोन्ही खालीच, त्यामुळे बऱ्याच फॉन्टमध्ये एकमेकांवर चढतात. हा स्वर तर तिथे पावलोपावली. त्रितालाच्या १६ मात्रांचा प्रश्न नाही. १६ रकान्यांचा तक्ता केला की मात्रा सरकत नाहीत (स्पेस देऊन जुळवणं व्यर्थ).

दोन्ही खुणा सुट्या दाखवणारा फॉन्ट कोणता? आणि आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात असं नीट छापून देणारं कोणी आहे का?